डिंगी टांगण्याआधी ट्रान्समच्या आत बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत शिडाच्या बोटीने लांबच्या सफरीला निघणाऱ्यांसाठी तयारीचा लेख आला होता तो वाचला, दोनदा वाचला, या विषयावर कोणीतरी मनापासून लिहिलंय म्हणून बरंही वाटलं. पण त्यात एक वाक्य आहे की मागे डॅव्हिट बसवून घेतले की डिंगीची काळजी मिटली, टांगायची आणि निघायचं. सोबतच्या फोटोतही तेच, भर समुद्रात शिडं फुगलेली आणि मागे डिंगी लटकतेय, तीही आउटबोर्ड मशीनसकट, म्हणजे डिंगीच्या मागे लावायच्या सुट्या इंजिनासकट. त्या वाक्यामुळे आणि त्या फोटोमुळे हे पत्र लिहायला बसलो, कारण हेच खरं मानून मी माझ्या ३६ फुटी बोटीवर डॅव्हिट बसवून घेतले होते, आणि पुढे काय झालं ते सांगितलं तर निदान दोन-चार जणांचे ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, वाचतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठी बोट नांगरावर उभी असते, किनाऱ्यावर जायला-यायला छोटी होडी लागते, ती डिंगी, हल्ली बहुतेक हवेची आणि खाली फायबरचा नाहीतर ॲल्युमिनियमचा कडक तळ असलेली. रात्रभर पाण्यात सोडली तर चोरीला जाते, दिवसेंदिवस तशीच राहिली तर तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात, वारा सुटला की उलटते. दोरीने ओढत न्यायची म्हटलं तर बोटीचा वेग खाते, आणि मशीन रिव्हर्स टाकलं की दोरी पंख्यात जायची भीती असतेच. म्हणून बोटीच्या पाठीला दोन वाकडे दांडे बसवतात, दोन्हींच्या टोकाला कप्पी, आणि डिंगी आडवी उचलून घेतात. हे झाले डॅव्हिट. सोय इतकी आहे की एकदा सवय लागली की सोडवत नाही, संध्याकाळी पाच मिनिटांत डिंगी वर, सकाळी पाच मिनिटांत खाली. मी डॅव्हिटच्या विरोधात अजिबात नाही हे आधीच सांगतो.

पण ही वस्तू मुळात मोठ्या जहाजांची, आणि तिथे तिचं काम काय होतं ते बघा. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकवर डॅव्हिटच्या १६ जोड्या होत्या, पण त्यांच्याखालच्या होड्या प्रवासभर बाहेर लोंबकळत नव्हत्या, तातडीसाठी बाहेर काढून ठेवलेल्या दोन सोडल्या तर बाकीच्या डेकवर लाकडी बैठकीत पक्क्या बसवलेल्या होत्या. डॅव्हिटचं काम होडी उचलायची, बाहेर न्यायची आणि खाली सोडायची एवढंच. आपण शिडाच्या बोटीवाल्यांनी मात्र डॅव्हिटलाच होडीची बैठक करून टाकलं, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

माझं झालं ते असं. डॅव्हिट आणले स्टेनलेसचे, जाड पाइप, सुंदर वेल्डिंग, आरशासारखे चकचकीत. ज्यांनी बसवून दिले त्यांनी दुपारभरात काम संपवलं, ट्रान्समला भोकं पाडली, भरपूर सीलंट भरलं, आतून वॉशर आणि नट, झालं. मीही त्या पाइपावर लटकून बघितलं, हललं नाही, खूश झालो. पहिला सीझन किनाऱ्याकिनाऱ्याने काढला, काही झालं नाही. दुसऱ्या सीझनला तीन दिवसांची खुल्या समुद्रातली सफर होती, वारा मागून, लाटाही मागून, अडीच मीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी दुपारी एक लाट मागून चढत आली आणि तिने डिंगीला खालून अलगद उचललं. दोन्ही कप्प्यांमधल्या दोऱ्या सैल पडल्या, मला दिसत होत्या त्या लोंबताना, आणि मग लाट निघून गेली आणि डिंगी पुन्हा दोऱ्यांवर आली. ठक् असा एकच आवाज आला. मोठा नव्हता, पण पायाखालच्या डेकमधून जाणवला. त्या दुपारपासून संध्याकाळपर्यंत तो आवाज किती वेळा आला ते मी मोजलं नाही, बायको सुकाणूवर होती आणि मी मागे बसून जादा दोऱ्या मारत होतो.

बंदरात पोचल्यावर बघितलं तर उजव्या डॅव्हिटच्या बैठकीभोवती जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे, आणि खालच्या बोल्टमधून तपकिरी पाण्याचा ओघळ. टॉर्च घेऊन मागच्या लॉकरमध्ये पोटावर सरपटत गेलो, नट सोडला, तर वॉशर ट्रान्सममध्ये बशीसारखा खोल रुतलेला, आणि बोल्ट बाहेर काढताना त्याच्याबरोबर ओला काळपट भुसा आला. तो भुसा म्हणजे माझ्या ट्रान्समच्या पोटातलं बाल्सा लाकूड. माझा ट्रान्सम सँडविच आहे, बाहेर फायबर, आत फायबर, मधे हलकं लाकूड, आणि भोक पाडणाऱ्याने त्या लाकडाला पाणी लागणार नाही याची काहीही व्यवस्था केलेली नव्हती. आणि बोल्ट! वरची टोपी चकचकीत, आणि आतला दांडा मधोमध खाल्लेला, नखाने चाचपलं तर खड्डे लागत होते. स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा जो पातळ थर असतो त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो, ओल्या लाकडात हवेशिवाय कोंडलेला बोल्ट आतल्या आत खात जातो आणि बाहेरून काही कळत नाही. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस ३०४ पेक्षा चांगलंच, पण कोंडलेल्या ओलीपुढे तेही टिकत नाही.

आता जोर किती येतो ते मी नंतर कागदावर मांडलं, आणि हे गणित आधी करायला हवं होतं म्हणून इथे देतो, त्याला शाळेतल्या तरफेपेक्षा जास्त काही लागत नाही. साधारण तीन मीटरची कडक तळाची डिंगी ६० किलोच्या आसपास धरा, १५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड ४० ते ५० किलो, पेट्रोलची टाकी, वल्ही, नांगर, सगळं मिळून १२० किलो होतं. म्हणजे एका डॅव्हिटवर ६०. डिंगी आडवी टांगलेली असल्यामुळे तिचा मध्य ट्रान्समपासून साधारण एक मीटर बाहेर येतो. डॅव्हिट ट्रान्समला दोन ठिकाणी धरलाय, वर आणि खाली, आणि दोन्हींत अंतर ३० सेंटिमीटर. तर वरच्या बोल्टना बाहेर खेचणारा जोर ६० भागिले ०.३, म्हणजे २०० किलो, आणि हे बोट बंदरात गपगार उभी असताना. लाटेच्या झटक्याला तिप्पट धरायची पद्धत आहे, म्हणजे ६००. हेच दोन पकडींमधलं अंतर ३० ऐवजी ४५ सेंटिमीटर केलं तर २०० चे १३३ होतात. आणि डॅव्हिट ट्रान्समला न धरता डेकवर छोट्या चौकोनी पट्टीवर उभा केला, पट्टीवरच्या बोल्टमधलं अंतर १५ सेंटिमीटर, तर तेच ४०० होतात. पाइप तोच, डिंगी तीच. म्हणून मी म्हणतो की दुकानात पाइपाची जाडी आणि पॉलिश बघत बसू नका, आधी पकडींमधलं अंतर विचारा आणि तिरका टेकू आहे की नाही ते बघा. काही जण तर डॅव्हिट मागच्या रेलिंगच्या पाइपांनाच क्लॅम्पने पकडतात, ते रेलिंग माणसाने टेकायला केलेलं असतं, त्याच्यावर असं वजन टाकणं म्हणजे रेलिंगही घालवायचं आणि डिंगीही.

आणि अजून पाणी धरलेलंच नाही. डिंगीच्या आतल्या तळाचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरलं आणि त्यात दहा सेंटिमीटर पाणी साचलं तर ते दीडशे लिटर झालं, म्हणजे दीडशे किलो, डिंगी आणि मशीन मिळून जेवढं वजन त्याहून जास्त. एका डॅव्हिटवर ६० चे १३५ झाले, वरच्या बोल्टवर २०० चे ४५०, आणि झटका धरला तर साडेतेराशे. दहा सेंटिमीटर पाणी साचायला तुफान लागत नाही, एक जोरदार पावसाची रात्र पुरते कारण ट्यूबवर पडलेलं पाणीही आतच ओघळतं. भर समुद्रात मागून एक लाट आत पडली तर एका क्षणात भरतं. म्हणून डिंगी वर घेतली की पहिलं काम तळाचं बूच काढायचं, ते बूच एका दोरीने डिंगीलाच बांधून ठेवायचं म्हणजे हरवत नाही, आणि बूच ज्या बाजूला आहे ती बाजू चार बोटं खाली ठेवून टांगायची. पण बुचाचं भोक असतं अंगठ्याएवढं. पाऊस त्यातून निघून जातो, लाट नाही जात, ती निघेपर्यंत पुढची आलेली असते.

त्यामुळे निवड करताना पहिला प्रश्न कुठला डॅव्हिट हा नसून तुम्ही कुठे जाणार हा आहे. नांगरावरच्या मुक्कामात आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दिवसाच्या सफरीत, हवामान बघून, डॅव्हिट उत्तम. रात्रंदिवसाच्या खुल्या समुद्रातल्या सफरीला डिंगी डेकवर आली पाहिजे, डोलकाठीच्या पुढे उलटी करून पक्की बांधलेली, किंवा हवा काढून गुंडाळलेली, आणि आउटबोर्ड वेगळं काढून रेलिंगवरच्या त्याच्या लाकडी पाटावर. मोठ्या कॅटामरानवाले, म्हणजे दोन होड्या शेजारी जोडल्यासारख्या बोटींचे, डिंगी दोन पाठींच्या मधे, पाण्यापासून चांगली उंच टांगतात, त्यांचा हिशोब वेगळा, त्यांच्याकडे बघून आपल्या एकपाठी बोटीचं ठरवू नये. आणि हे आधीच ठरवलं की डिंगी निवडतानाच तिची लांबी डोलकाठीपुढच्या जागेत मापून घेता येते, मी ते केलं नव्हतं, माझी आधीची डिंगी डेकवर मावतच नव्हती म्हणून नाइलाजाने मागे टांगलेली होती. खरं कारण हेच होतं, सोय वगैरे नंतरचं.

दुसरा प्रश्न, बोटीला मागे एवढं वजन पेलतं का. १२० किलोची डिंगी आणि वर दोन डॅव्हिटचं वजन, तेही अगदी टोकाच्या पलीकडे, म्हणजे दोन माणसं कायम बोटीच्या मागे हवेत बसवल्यासारखं. रुंद पाठीच्या ४५ फुटी बोटीला जाणवणार नाही, निमुळत्या पाठीच्या ३० फुटी बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचलली जाते, पाठ बसते, आणि पाठ बसली की डिंगी पाण्याच्या अजून जवळ येते. यावर साधा उपाय आहे, डॅव्हिट घ्यायच्या आधी तेवढ्या वजनाची माणसं मागच्या टोकावर उभी करायची आणि डिंगीत दुसऱ्या कोणाला तरी बसवून बाजूने बघायला सांगायचं की पाण्याची रेघ कुठे आली.

मागे काय काय आहे तेही बघा. वाऱ्यावर चालणारं सुकाणूयंत्र असेल तर त्याची जागा नेमकी डिंगीच्या जागेतच असते, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. शिडी मागे असेल तर डिंगी टांगलेली असताना ती उघडणार कशी हे एकदा प्रत्यक्ष करून बघा, कारण माणूस पाण्यात पडला तर त्याला वर घ्यायची वाट तीच असते.

आता बसवायचं कसं. मी दुसऱ्यांदा सगळं स्वतः केलं, पंधरा दिवस गेले, त्यातले दहा सुकवण्यात. आधी ट्रान्सम स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने ठोकत जायचं, घट्ट भागाचा आवाज टणक येतो, सडलेल्या भागाचा बद्द येतो, कान लगेच ओळखतो. माझ्याकडे उजव्या बाजूला दोन तळहात एवढा भाग बद्द निघाला, आतून फायबर कापून ओला बाल्सा सगळा खरवडून काढला, कोरडा केला आणि तिथे भरीव फायबर भरलं. बाकीच्या भोकांसाठी रीत अशी की भोक बोल्टपेक्षा बरंच मोठं पाडायचं, वाकवलेल्या खिळ्याने भोकाच्या आत चारी बाजूंनी लाकूड कोरून काढायचं, तिथे जाडसर केलेलं इपॉक्सी भरायचं, ते पूर्ण कडक झालं की त्या इपॉक्सीच्या मधोमध बोल्टच्या मापाचं नवीन भोक पाडायचं. मग भविष्यात सीलंट फाटलं तरी पाण्याला लाकडापर्यंत वाट नाही, आणि बोल्ट आवळताना सँडविच दबतही नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि बाहेरून अजिबात दिसत नाही, म्हणून घाईतला माणूस ते टाळतो.

आतून वॉशरवर भागवायचं नाही, मोठी पट्टी लागते, जी-१० नावाची दाबलेल्या फायबरची किंवा ॲल्युमिनियमची, आठ-दहा मिलिमीटर जाड, डॅव्हिटच्या बैठकीपेक्षा सगळ्या बाजूंनी चांगली मोठी आणि कोपरे गोल केलेली. माझ्याकडे वरच्या आणि खालच्या पकडीला मिळून एकच उभी पट्टी आहे आणि ती इपॉक्सीच्या लगद्यावर बसवलीय, कारण ट्रान्सम आतून कधीच सपाट नसतो, पट्टी दोनच ठिकाणी टेकली तर सगळा जोर त्या दोन ठिकाणीच जातो. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना लागतात तिथे मधे प्लास्टिकची चकती आणि गंजरोधक पेस्ट, नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमचं पांढरं पीठ होतं. बाहेरून ब्युटिल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी, भोकाच्या तोंडाला थोडी खाच करून, आणि आवळायचं एकदम नाही, आज थोडं, उद्या थोडं. दोन डॅव्हिट एकमेकांना आडव्या पाइपाने जोडले की बाजूला डुलणं बंद होतं, तो पाइप आम्ही पहिल्यांदा दिसायला बरा नाही म्हणून वगळला होता.

डॅव्हिटमधलं अंतर डिंगीच्या उचलायच्या कड्यांवरून ठरवायचं. दोऱ्या सरळ उभ्या खाली आल्या पाहिजेत, तिरक्या आल्या तर डॅव्हिटची टोकं आत किंवा बाहेर खेचली जातात. कप्प्यांचं टॅकल चारपदरी असलं की ६० किलोला १५ किलो ओढ, घर्षण धरून २० च्या आसपास, एका माणसाला जमतं, दीड मीटर उचलायला सहा मीटर दोरी ओढावी लागते एवढंच. दोरी कमी ताणणारी पॉलिएस्टरची घ्या. आणि दोरी दोन दातेरी चिमट्यांत धरणाऱ्या कॅम क्लीटवर रात्र काढू नका, वर घेतली की दोरी साध्या शिंगाच्या क्लीटला पक्की करायची. विजेवर चालणारे डॅव्हिटही मिळतात, कंबर दुखत असेल तर चांगले, पण बोल्टचं गणित त्यांनी बदलत नाही.

टांगलेली डिंगी हलता कामा नये. नुसत्या दोन दोऱ्यांवर ती झोपाळा होते. माझी पद्धत अशी की डिंगी डॅव्हिटवरच्या गाद्यांना टेकेपर्यंत वर ओढायची, मग खालून पोटाला दोन रुंद पट्टे, आणि दोन दोऱ्या फुलीसारख्या, डिंगीच्या डाव्या टोकापासून उजव्या डॅव्हिटच्या बुडापर्यंत आणि उजव्यापासून डाव्यापर्यंत. हाताने ढकलल्यावर डिंगी आणि बोट मिळून हलली पाहिजे, डिंगी एकटी नाही.

शेवटी वजन टांगून परीक्षा. २० लिटरचे १२ कॅन पाण्याने भरून डिंगीत ठेवले, म्हणजे २४० किलो, शांत दिवशी, नांगरावर, खाली कोणी नाही. एक जण आत लॉकरमध्ये टॉर्च आणि सरळ पट्टी घेऊन. पहिल्यांदा एवढ्याने ट्रान्सम पोटासारखा फुगला असता, या वेळी ट्रान्समला आतून लावलेल्या सरळ पट्टीच्या खालून प्रकाश दिसला नाही, म्हणजे तो वाकला नव्हता. रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी पुन्हा बघितलं.

एक गोष्ट लेखात अजिबात नव्हती आणि फोटोत ती ढळढळीत दिसते म्हणून लिहितो. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांप्रमाणे बोटीच्या मागचा पांढरा दिवा १३५ अंशांत दिसला पाहिजे, सरळ मागे धरून दोन्ही बाजूंना साडेसदुसष्ट. बहुतेक शिडाच्या बोटींवर हा दिवा रेलिंगवर असतो, आणि डिंगी टांगली की बरोबर त्याच्यासमोर येते. शिडावर असताना २० मीटरपेक्षा लहान बोटीला डोलकाठीच्या टोकावरचा तिरंगी, म्हणजे लाल, हिरवा आणि मागचा पांढरा एकातच असलेला, दिवा चालतो, म्हणून खूप जणांना वाटतं की प्रश्न मिटला, पण मशीन सुरू केलं की तो तिरंगी दिवा चालत नाही, मग मागचा दिवा लागतोच, आणि वारा पडून मशीन लावायची वेळ नेमकी रात्री, बंदराजवळ, मोठ्या जहाजांच्या वाटेवर येते. मागून येणाऱ्या जहाजाला तुम्ही दिसतच नाही. दिवा डॅव्हिटच्या जोडपाइपावर, डिंगीच्या वर आणि मागे घेतला की झालं, एका संध्याकाळचं काम आहे. मग अंधारात दुसऱ्याच्या डिंगीतून मागे एक चक्कर मारून डावीकडून उजवीकडे दिवा कुठे झाकला जातोय का ते बघायचं.

पुरवणीच्या पुढच्या अंकात तो फोटो पुन्हा छापणार असाल तर कृपया त्याखाली एवढं तरी लिहा की अशी डिंगी नांगरावर टांगायची असते, आणि लेखकांना माझ्यातर्फे विचारा की त्यांनी त्यांच्या डॅव्हिटचे नट शेवटचे कधी सोडून बघितले होते. माझे मी दरवर्षी एक याप्रमाणे सोडून बघतो, यंदा डावीकडचा वरचा होता, कोरडा निघाला.

आपला,
एक शिडाची बोटवाला वाचक